खानदेशातल्या ऊन-वाऱ्याची वीज आणि आपली मुले

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल आणि छडवेलच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला आता दोन दशके होत आली. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देतो आहे. अलीकडे शेतीपंपांना वीज देणाऱ्या कृषी वाहिन्यांसाठी उपकेंद्रांच्या आसपास लहान सौर प्रकल्पांची कुंपणे दिसू लागली आहेत, आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या शहरांत गच्चीवर पॅनेल नसलेली गल्ली शोधावी लागेल, असे दिवस फार दूर नाहीत. ऊर्जासंक्रमण, म्हणजे कोळशाच्या विजेकडून ऊन-वाऱ्याच्या विजेकडे जाणे, हा आमच्याकडे परिसंवादात बोलण्याचा विषय राहिलेला नाही. ते बांधापर्यंत येऊन ठेपले आहे. त्यातून आमच्या मुलामुलींच्या पदरात काय पडते, एवढाच प्रश्न मला या लेखात विचारायचा आहे.

मी आयटीआयमध्ये तारतंत्री विभागाचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्तीनंतर शिंदखेडा आणि साक्री तालुक्यांतल्या तरुणांसाठी सुटीच्या दिवशी सौर तंत्राचा एक विनामूल्य वर्ग घेतो. वर्गात येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरापासून एखादा प्रकल्प हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही तिथे त्यांना मिळालेले काम म्हणजे गवत काढणे, पॅनेल धुणे किंवा फाटकावर रात्रपाळीची राखण. नियंत्रणकक्षात बसणारा, इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारे यंत्र) उघडणारा, उपकेंद्रात काम करण्याचे परमिट म्हणजे लेखी परवानगी सही करून घेणारा माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला अहिराणीत एकच वाक्य ऐकवले होते : ‘आमनी जमीन गयी सर, पन आमले काम नही.’ या तक्रारीत अतिशयोक्ती आहे असे मला वाटत नाही. मात्र ‘स्थानिकांना नोकऱ्या द्या’ एवढी मागणी करून ती मिटेल, असेही मला वाटत नाही. काम मागणाऱ्या हाताला ते काम येत असले पाहिजे, आणि ज्या कागदावर कामाची अट लिहायची तो कागद वाचताही आला पाहिजे. प्रशिक्षणाने या दोन्ही गोष्टी एकत्र द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. आजची प्रशिक्षणे यांतली पहिली अर्धीमुर्धी देतात आणि दुसरीला हातही लावत नाहीत.

पहिल्या गोष्टीविषयी आधी लिहितो. केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम २०१५ पासून चालू आहे. तो सुमारे ६०० तासांचा, निवासी आणि विनामूल्य असून आयटीआय किंवा पदविका झालेल्या मुलांसाठी आहे. आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचा वर्षभराचा स्वतंत्र ट्रेडही आला आहे. या अभ्यासक्रमांमुळे देशभरात हजारो तरुणांच्या हाती प्रमाणपत्र आले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु पुस्तक देशासाठी एकच असते आणि ऊन प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर लिहिलेली क्षमता पॅनेलमधल्या सौर पेशीचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. आमच्याकडे भुसावळला आणि जळगावला वैशाखात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. अशा दुपारी पॅनेलच्या पाठीला तापमापीचा सेन्सर चिकटवून पाहिला, तर आकडा सहज ६५ ते ७० पर्यंत जातो. सध्याच्या चांगल्या पॅनेलची क्षमता दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घटते. म्हणजे ५४० वॅटचे पॅनेल ६५ अंशांवर फार तर ४६५ वॅट देईल, आणि धूळ व वायरिंगमधली घट त्यात धरलेलीच नाही. हे गणित वर्गात फळ्यावर मांडून भागत नाही. मी मुलांना एप्रिलमध्ये, दुपारी बारानंतर, पत्र्याच्या छपरावर नेऊन ते मोजायला लावतो. त्यानंतर ‘साहेब, बोर्डावर ५४० लिहिले आहे, मग मीटरमध्ये एवढे कमी का दिसते’ असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले, की त्या मुलाला उत्तर पाठ करावे लागत नाही.

त्याच छपरावर आणखी एक गोष्ट शिकवता येते, आणि ती जिवाची आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असते, त्यामुळे स्विच उघडताना निघालेली ठिणगी लवकर विझते. पॅनेलमधून येणारी डीसी वीज शून्यावर येतच नाही. भार चालू असताना कोणी स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचा, कनेक्टर ओढून काढला, तर दोन टोकांमध्ये ज्वाळेसारखा आर्क उभा राहतो आणि तो आपोआप विझण्याची वाट पाहता येत नाही. घराच्या गच्चीवर दहा पॅनेलच्या एका स्ट्रिंगमध्ये सुमारे ५०० व्होल्ट असतात. मोठ्या प्रकल्पात हाच आकडा १,५०० व्होल्टपर्यंत जातो. शिवाय सूर्य बंद करता येत नाही. मेन स्विच पाडला तरी उजेड आहे तोवर पॅनेलच्या टोकांवर व्होल्टेज राहतेच. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची बाजू तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत मी पुढचा धडा घेत नाही. तारतंत्री म्हणून वर्षानुवर्षे काम केलेले हुशार कारागीरही इथे फसतात, कारण त्यांचे हात एसीवर घडलेले असतात.

पॅनेल धुण्याच्या कामाकडे आपण हलके काम म्हणून पाहतो, आणि ते करणाऱ्या मुलाला त्यापलीकडचे काहीच सांगितले जात नाही. वास्तविक तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी मारले तर काच तडकू शकते, आणि आमच्या बोअरच्या जड पाण्याने धुऊन पाणी तसेच वाळू दिले तर क्षारांचे पांढरे डाग धरतात, जे पुढे घासूनही निघत नाहीत. त्यामुळे हे काम पहाटे, पॅनेल थंड असताना आणि व्होल्टेज जवळपास नसताना करायचे असते. पहाटे पॅनेल धुणाऱ्या मुलाला इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे स्ट्रिंगचे प्रवाह वाचायला शिकवले, तर बाराव्या स्ट्रिंगचा प्रवाह शेजारच्यांपेक्षा कमी का आहे, हे तोच सगळ्यांत आधी शोधून काढील. त्या ओळीवर बाभळीची सावली सकाळी किती वाजेपर्यंत राहते, हे त्याला ठाऊक असते. दूरच्या शहरातल्या पडद्यासमोर बसलेल्या अभियंत्याला ते ठाऊक नसते. झाडू हातात असलेल्या मुलापासून तंत्रज्ञापर्यंतचे अंतर खरे तर काही महिन्यांच्या शिकवणीचे आहे, पण ठेकेदाराला ते कमी करण्यात काही लाभ दिसत नाही. म्हणून ते आपण कमी केले पाहिजे.

सौर पंपांच्या बाबतीत ही गरज अधिकच तीव्र आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ चा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. रात्रपाळीच्या विजेवर केळीला किंवा कपाशीला पाणी भरायला गेलेल्या माणसाला साप चावल्याच्या बातम्या आमच्या भागात नव्या नाहीत, त्यामुळे दिवसा पाणी देणारा हा पंप मला मनापासून मोलाचा वाटतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमीही त्यात आहे. पण कंट्रोलर बंद पडला आणि कंपनीचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायला आठवडा लागला, तर ऐन निसवणीत आलेली केळी तेवढी थांबत नाही. गावोगावी कंट्रोलरवरचे एरर कोड वाचू शकणारी, पॅनेलच्या जोडण्या तपासू शकणारी आणि कंपनीला नेमका बिघाड फोनवर सांगू शकणारी एकेक व्यक्ती असेल, तर निम्मे हेलपाटे वाचतील. या कामासाठी मुली विशेष योग्य आहेत, असा माझा अनुभव आहे, कारण त्या गावात असतात आणि नोंदी काटेकोर ठेवतात. अडचण त्यांच्या कुवतीची कधीच नव्हती. शेवटची एसटी साडेपाचला सुटते आणि वर्ग सहाला संपतो, ही अडचण होती. वर्गाची वेळ बदलल्यावर ती सुटली.

आता कागदाविषयी. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या त्यांच्या पाच एकर जमिनीला सुमारे ४ लाख रुपये मोबदला मिळाला होता, आणि तो अन्यायकारक आहे हे सांगण्यासाठी ते वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवत होते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे गाव तिथून फार दूर नाही. सौर ऊर्जा स्वच्छ आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागत नाही. पण विजेसाठी घेतलेल्या जमिनीवरून एका म्हाताऱ्या माणसाने जीव दिला, हे त्यांच्या घरातले मोठे लोक विसरलेले नाहीत. ही आठवण बाजूला सारून कोणतेही प्रशिक्षण खानदेशात प्रामाणिकपणे होऊ शकत नाही. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. त्या न्यायाचा अर्थ विखरणमध्ये सातबारा, पंचनामा आणि मोबदल्याची नोटीस यांतूनच उलगडावा लागतो.

म्हणून वर्गाचे काही दिवस मी मल्टिमीटर कपाटात ठेवून कागद वाचण्यासाठी राखतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन विकत न घेता भाड्याने घेतली जाते, आणि दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, असे भाडे ठरवलेले आहे. मुले मोबाइलवर पंचवीस वर्षांचा हिशेब काढतात. दहाव्या वर्षी भाडे साधारण १ लाख ६३ हजार होते आणि पंचविसाव्या वर्षी २ लाख ५४ हजार. आकडा मोठा वाटतो, तेव्हा मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो की कापसाच्या एका वेचणीला आज जो खर्च येतो तो पंचवीस वर्षांपूर्वी किती होता, ते घरी आजीला विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्गातली चर्चा वेगळ्या पातळीवर सुरू होते. कोरडवाहू, मुरमाड जमिनीच्या मालकाला हे भाडे खात्रीचे उत्पन्न आहे आणि अनेक कुटुंबांना त्याने खरा आधार होईल. बागायत असलेल्याने मात्र दहादा विचार करावा. करार संपल्यावर खांबांचे काँक्रीटचे पाये कोण उकरून काढणार, वाट कोणाची राहणार, मालकाच्या मृत्यूनंतर वारसनोंद होईपर्यंत भाडे कोणाच्या खात्यात जाणार, हे प्रश्न मुलेच काढतात. मला त्यांना सुचवावे लागत नाही.

एक प्रश्न मात्र बहुधा कोणीच काढत नाही आणि तो मला काढावा लागतो : भाडे शेतमालकाला मिळाले, सालदाराला काय मिळाले? खानदेशात वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा सालदार, निंदणीला आणि वेचणीला जाणाऱ्या बाया, बांधावरच्या गवतावर दोन शेळ्या पाळणारे कुटुंब, यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. दहा एकरांना कुंपण पडले की त्यांचे मजुरीचे दिवस जातात आणि भरपाईच्या यादीत त्यांचा रकाना नसतो. हा प्रश्न विचारल्यावर वर्गात शांतता होते, कारण काही मुले मालकांची असतात आणि काही सालदारांची, आणि ती एकाच बाकावर बसलेली असतात. ऊर्जासंक्रमण न्याय्य आहे की नाही, हे ज्या ठिकाणी ठरते ते ठिकाण माझ्या मते हेच आहे. प्रकल्पाच्या प्रशिक्षणासाठी मुले निवडताना जमीनमालकाच्या मुलाआधी, किमान त्याच्या बरोबरीने, त्या जमिनीवर राबणाऱ्याच्या मुलामुलींना जागा द्यावी, असे मी प्रत्येक ग्रामपंचायतीत सांगतो. सगळ्यांना ते आवडते असे नाही.

नंदुरबारच्या डोंगरात ही गोष्ट अधिक जुनी आहे. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे, आणि त्यासाठी अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतली ३३ गावे बुडितात आली. पाण्याची वीजही कोळशाविना तयार होते, तरी ती ज्यांच्या घरांवरून वाहिली त्यांच्या पाड्यांत दिवा फार उशिरा लागला. त्याच धडगाव तालुक्यात बिलगाव येथे उदई नदीवर २००३ मध्ये १५ किलोवॅटचा एक लहानसा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला होता. केरळातून आलेल्या अभियंत्यांनी तंत्र दिले, नर्मदा बचाव आंदोलनाने माणसे जोडली आणि गावकऱ्यांनी श्रमदान करून बांधकाम केले. २००६ च्या पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याने तो प्रकल्प गिळला. मोठ्या प्रकल्पाच्या तुलनेत १५ किलोवॅट म्हणजे काहीच नाही. परंतु वीज आपण स्वतः तयार करू शकतो, हे त्या पाड्यांवरच्या एका पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि आमच्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेखही नसावा याचे मला वाईट वाटते. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला काय अधिकार दिले आहेत, हे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुलांना सौर तंत्राइतकेच नीट शिकवले पाहिजे, कारण पुढच्या प्रकल्पाची मोजणी करणारे लोक त्यांच्याच शिवारात येणार आहेत.

भुसावळजवळच्या दीपनगरचा विचार केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. तिथल्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि ६६० मेगावॅटचा नवा संचही उभा राहिला आहे, त्यामुळे कोळसा उद्याच थांबणार असे नाही. पण जुने, लहान संच निवृत्त होतात तेव्हा कायम कर्मचाऱ्याची बदली होते आणि ठेक्यावरचा फिटर, वेल्डर, रिगर, राख वाहणारा ट्रकचालक तिथल्या तिथेच राहतो. त्याच्याकडे हायव्होल्टेज स्विचयार्डमध्ये परमिट घेऊन काम करण्याची शिस्त असते, उंचीवर हार्नेस (सुरक्षापट्टा) बांधून चढण्याची सवय असते, आणि पवनचक्कीच्या देखभालीला नेमके हेच लागते. तरीही बहुतेक योजनांची वयोमर्यादा आणि आयटीआयची अट त्याला दारातच अडवते. चाळिशीतल्या कामगाराच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्याला थेट प्रमाणपत्र देण्याची आणि उरलेले शिकवण्यासाठी सायंकाळचे अल्पमुदतीचे वर्ग घेण्याची सोय भुसावळला झाली पाहिजे. ती संच बंद झाल्यावर करून उपयोग नाही. तेव्हा तो माणूस सुरतेला किंवा पुण्याला निघून गेलेला असतो.

मुलांनी नियुक्तीपत्र मागावे, वेतनचिठ्ठी वाचावी, पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक मोबाइलवर स्वतः तपासावा, उंचीवर चढताना हार्नेस मिळाला नाही तर चढायला नकार द्यावा, हेही मी वर्गात शिकवतो. काही पालकांना भीती वाटते की अशी विचारणा करणाऱ्या मुलाला ठेकेदार ठेवणार नाही. ती भीती खोटी नाही, म्हणून एकट्या मुलाने विचारू नये, गावातल्या सगळ्यांनी मिळून विचारावे, असे आम्ही ठरवले आहे.

सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये सामाजिक कामांसाठी मिळण्याची तरतूद आहे. त्यातल्या थोड्या रकमेतून क्लॅम्प मीटर, इन्सुलेशन टेस्टर, रबरी हातमोजे आणि दोन हार्नेस एवढी सामग्री गावाच्या मालकीची घ्यावी आणि प्रशिक्षण झालेल्या मुलामुलींना ती नोंद करून वापरायला द्यावी, अशी माझी सूचना आहे. कमानीवर किंवा रंगरंगोटीवर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च कमी आहे.

या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत मांडण्यासाठी एक ठराव स्वतः लिहिला आहे. भाडेकरार करताना पुढील अटी घालाव्यात, असे त्यात म्हटले आहे : उभारणी सुरू होण्याच्या सहा महिने आधी गावातल्या मुलामुलींचे प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने व्हावे, देखभालीच्या तांत्रिक जागांपैकी ठरावीक हिस्सा त्यांना मिळावा, त्या जमिनीवर काम करणाऱ्या सालदार कुटुंबांची यादी पंचनाम्याला जोडावी आणि त्यांना निवडीत प्राधान्य असावे, आणि करार संपल्यावर पाये काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी लिहावे. भाषा थोडी सुधारली, एवढेच माझे काम. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन गावांत तो मांडला जाणार आहे, आणि तो वाचून दाखवण्याची जबाबदारी दोन मुलींनी घेतली आहे. आपल्या गावात मांडायचा असेल, तर ठरावाचा मसुदा हवा त्याने घ्यावा आणि आपल्या शिवाराप्रमाणे बदलून वापरावा.